‘गणपतीनंतर ये’ म्हणायचं नाही

प्रिय,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. विद्यार्थी विकास अधिकाऱ्याचा अतिरिक्त कार्यभार गळ्यात पडल्यापासून झोप लागत नाही, असं लिहिलंयस. मुलं येऊन समोर रडतात, आपण मानसशास्त्र शिकलेलो नाही, भलतंच काही बोलून बसलो तर काय, पीएच.डी. मागे पडतेय, हे सगळं मला कळलं. पण शेवटी विचारलंस, की दारावर ‘भेटण्याची वेळ : मंगळवार व शुक्रवार, 3 ते 5’ अशी पाटी लावली तर चालेल ना? तिथे मला राहवेना.

पाटी लावू नकोस. लावली असशील तर हे पत्र खाली ठेव, आधी ती काढ आणि मग पुढे वाच.

मी हे काम घेतलं तेव्हा खात्याला ‘विद्यार्थी कल्याण’ म्हणत. 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ‘विद्यार्थी विकास’ झालं. माझं टेबल तेच राहिलं आणि त्या टेबलावरून मी एकदा जे बोलले तेही माझ्याबरोबर राहिलं.

हरतालिकेचा दिवस होता. मला उपास, साडेतीनची गुहागरची एसटी गाठायची होती. कपाटाला कुलूप लावत होते तेवढ्यात दारात सेकंड इयरचा एक मुलगा उभा राहिला. मराठवाड्यातला, आपल्या वसतिगृहात राहणारा. हातात प्लास्टिकची फाइल. “मॅडम, दोन मिनिटं होती का?” मी मान वर न करता म्हटलं, “गणपतीनंतर ये रे.” तो “हो मॅडम” म्हणाला. माझी पिशवी जड होती, ती रिक्षापर्यंत त्यानेच आणून दिली.

गौरी-गणपतीचं विसर्जन करून परत आले तर त्याच्या खाटेवरची गादी सुतळीने बांधून ठेवलेली. पेटी नव्हती. मेसचं रजिस्टर उघडलं तेव्हा त्याच्या नावापुढे सलग नऊ दिवस खाडा. बिल थकलं म्हणून मेसवाल्याने ताट बंद केलं होतं. रूममेट म्हणाला, त्याला मेसवाल्याच्या नावे एक चिठ्ठी हवी होती : शिष्यवृत्ती जमा व्हायची आहे, महिनाभर थांबावे. खाली माझी सही. मला खरोखर दोनच मिनिटं लागली असती. फॉर्मवरच्या पत्त्यावर मी तीन पत्रं टाकली, फोन लावत राहिले. तो आला नाही.

मी काही निर्दयी बाई नव्हते. घरी गौरी यायच्या होत्या, सासूबाईंचे गुडघे गेलेले, पाच घरचा स्वयंपाक माझ्यावर. आणि तो स्वतःहून बोलला का नाही? मेसवाल्याने मला का कळवलं नाही? ही सगळी उत्तरं मी स्वतःला दिलेली आहेत. गाडी चुकली असती तर दुसरी मिळाली असती. गणपतीत जादा गाड्या असतातच.

म्हणून सांगते, ‘नंतर ये’ म्हणायचं नाही. आपल्याकडे भाद्रपद जवळ आला की सगळ्या कामांना एकच उत्तर असतं, गणपतीनंतर बघू. घराच्या कौलांना चालतं ते, पोरांना चालत नाही. जो मुलगा आठ दिवस धीर गोळा करून तुझ्या दाराशी येतो, तो ‘शुक्रवारी 3 ते 5’ वाचून जिन्यावरूनच परत जाईल.

आपल्या धोंडो केशव कर्व्यांचंच बघ. दापोलीजवळच्या मुरूडहून पायी घाट चढून हा मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला गेला. सतरा वर्षं पूर्ण होती, तरी टेबलामागच्या माणसाला तो सतराचा वाटला नाही आणि त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. तो पुढे महर्षी झाला म्हणून ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. बाकी किती पोरं अशी घाट उतरून घरी गेली असतील?

काय बोलायचं, हे विचारतोस. पहिलं वाक्य ‘जेवलास का?’ हे असू दे. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा. समुपदेशन तुझं काम नाही, ते करायला जाऊही नकोस. जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर त्याला एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, तो त्याच्या समोर बसून लाव आणि सिव्हिलला स्वतः बरोबर जा. चिठ्ठी देऊन पाठवू नकोस. रॅगिंगचं कानावर आलं तर ‘समितीची बैठक होऊ दे’ म्हणायचं नाही. राज्याच्या 1999च्या कायद्याने संस्थाप्रमुखाला चौकशीसाठी सातच दिवस दिलेत.

आणि पैशाचं. इथे राहून तुला हे मी सांगावं लागतं, याचा मला जरा रागच येतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. खलाशाच्या घरात त्या दोन महिन्यांत रुपया येत नाही, आणि आपण फी, वसतिगृह, मेसचं डिपॉझिट नेमकं तेव्हाच मागतो. मिरकरवाडा बंदरावरचा मुलगा जुलैत ‘उद्या भरतो’ म्हणतो तेव्हा तो टाळत नसतो, बोट समुद्रात जायची वाट बघत असतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटी काढून परत येतो आणि पोराला पत्ताच नसतो, कारण फॉर्म भरताना मोबाइल नंबर सायबरवाल्याचा दिलेला असतो. तू कारकुनाच्या शेजारी खुर्ची टाकून बस. परत आलेल्या अर्जांची नावं उतरव आणि त्याच दिवशी मुलांना गाठ. ‘नोटीस लावली आहे’ हेसुद्धा ‘नंतर ये’च आहे.

रोज संध्याकाळी मेसचं रजिस्टर बघ. त्या मुलानंतर मी निवृत्त होईपर्यंत ते एकही दिवस चुकवलं नाही. लागोपाठ तीन खाडे दिसले की रूमवर जायचे. सहकारी म्हणायचे, मॅडमनी पोरं लाडावून ठेवलीत. माझे पेपर राहिले, प्रोफेसरशिप हुकली. मुलाच्या बारावीच्या वर्षी मी रात्री नऊशिवाय घरी नसायची, तो अजून बोलून दाखवतो. दाखवू दे. मला पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच करीन. तू मात्र पीएच.डी. सोडू नकोस, पहाटे लिही. दिवस त्या टेबलाचा आहे.

घाबरतोस याचं मला वाईट वाटत नाही. फर्स्ट इयरला असताना तू माझ्या केबिनबाहेर तीनदा येऊन परत गेला होतास, शिपाईमामांनी मला सांगितलं होतं. चौथ्या वेळी मीच बाहेर आले. आठवतं ना?

गणपतीत मेस पाच दिवस बंद असते, आजूबाजूची हॉटेलंही बंद. विदर्भ-मराठवाड्याची पोरं तेवढ्यासाठी घरी जाऊ शकत नाहीत. यंदा मागे किती राहणार, मुली किती, मुलगे किती, हे या आठवड्यात मोजून मला कळव. गेल्या वर्षी आमच्याकडे अकरा जण जेवायला होते. मोदकांचं पीठ आधी करून ठेवावं लागतं.

तुझी,
मॅडम