बहिणीचा खासगी फोटो व्हायरल करण्याची धमकी येतेय, नाशिकमध्ये कुठे जाऊ?

बहीण १७ वर्षांची, फोटो तिनेच मित्राला पाठवलेला, असं तुम्ही लिहिलंय. आधी तिला रागावू नका हो! अशा वेळी मुलींना त्या मुलापेक्षा घरच्यांचीच जास्त भीती वाटते. पैसे देऊ नका. चॅट डिलीट न करता धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवा. फोटो मात्र पुरावा म्हणून काका-मामांना फॉरवर्ड करू नका. ती १८ च्या आतली आहे, तो पसरवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद.

‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा वापरा. फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा बनतो, त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुक तो ओळखून काढतात. आणि आजच आईला सोबत घेऊन नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात जा.