वडिलांची जीप, गंजका पत्रा आणि मुलीची एफडी

प्रश्न : रत्नागिरीजवळ राहतो. वडिलांची १९७४ ची महिंद्रा सीजे-३बी आहे, आरसी चालू आहे. रविवारी कलमांच्या बागेत जायला वापरतो. फ्लोअर आणि मागचे दोन्ही पॅनल गंजलेत. गॅरेजवाला रंगासकट २ लाख ८० हजार सांगतोय. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली एफडी मोडू, की १४ टक्क्यांनी कर्ज घेऊ? जुन्या जीपला भाव येतोय म्हणतात.

उत्तर : दोन्ही नको. कर्ज तीन वर्षांचं धरलं तर हप्ता साधारण ९,५७० रुपये, आणि व्याजापोटी ६४,५०० च्या आसपास जातील. पण मला व्याजापेक्षा त्या २ लाख ८० हजारांचीच धास्ती वाटते. रंगाला फुगवटे येतात तिथे पत्रा आतून खाल्लेला असतो. फ्लोअरखालचे आडवे चॅनल आणि बॉडी चॅसीवर बोल्टने बसते त्या जागा चिखल धरून ठेवतात. तुमच्याकडे वर खारी हवा. तिथलं खरं दुखणं बॉडी उतरवल्यावरच कळतं. म्हणजे एफडी संपलेली आणि जीप गॅरेजात सुटी पडलेली, असं सहज होतं.

म्हणून कामाचे दोन भाग करा. चॅसी, चॅनल, फ्लोअर आधी. सुरक्षितता तिथे आहे. पॅनल घासून, प्राइमर मारून वर्षभर थांबतील. तोवर महिना आठ हजार बाजूला टाका. कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला सांगा. गंजावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुगेल, आणि ते पैसे अक्षरशः पाण्यात.

भावाचं म्हणाल तर हा खर्च हौसेच्या खात्यात मांडा, गुंतवणुकीच्या नाही. (हौसेला माझी ना नाही. वडिलांची जीप आहे.) गंज विम्यात बसत नाही. गाडीला पन्नास वर्षं झाल्यामुळे २०२१ च्या नियमांखाली २० हजार भरून दहा वर्षांची विंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. बागेत जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून. जीपच्या बॉडी बनवणाऱ्या हरियाणातल्या मंडी डबवालीची तयार बॉडी स्वस्त पडते असं कुणी सुचवलं, तर आधी आरटीओत विचारा. मूळ ढाचा फार बदलला की विंटेजचा रस्ताही बंद होतो.

गॅरेजवाल्याकडून दोन्ही भागांचं एस्टिमेट वेगवेगळं, लेखी घ्या. पहिला भाग दीड लाखाच्या पुढे गेला तर काम सुरू करण्याआधी मला आकडे कळवा. आणि बॉडी उतरवायचीच तर पाऊस थांबल्यावर, दसऱ्यानंतर.