डॉबरमनला लघवीच्या संसर्गासाठी सल्फाच्या गोळ्या द्याव्यात का?

शक्यतो देऊ नयेत. गोळ्या सुरू करण्याआधी पशुवैद्यांना दुसरे प्रतिजैविक चालेल का, हे जरूर विचारावे. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम हे जोडऔषध कुत्र्यांच्या लघवीच्या संसर्गावर स्वस्त आणि गुणकारी आहे. परंतु माणसाचे शरीर ॲसिटिलीकरण या रासायनिक प्रक्रियेने सल्फाचा जसा निचरा करते, तशी सोय कुत्र्याच्या शरीरात नसते, आणि इतर मार्गांनी होणाऱ्या विघटनातून तयार होणारी काही द्रव्ये प्रतिकारशक्तीला चेतवू शकतात. डॉबरमनमध्ये हा धोका विशेष नोंदला गेला आहे. ताप, सांधे सुजून कधी या तर कधी त्या पायाने लंगडणे, हिरड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके, कावीळ ही लक्षणे बहुधा औषध सुरू झाल्यावर पाच दिवस ते तीन आठवड्यांत दिसतात. तसे काही दिसल्यास पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठावा. दुसरा धोका कोणत्याही जातीला असतो: अश्रू आटून डोळ्यांत चिकट, पिवळसर चिपडे येतात, आणि औषध थांबवले तरी अश्रू पूर्ववत होतीलच असे नाही. म्हणून दीर्घ उपचारापूर्वी आणि उपचारादरम्यान पापणीत कागदी पट्टी ठेवून करायची शर्मर चाचणी करून घ्यावी. (याच काळात थायरॉइडची तपासणी मात्र टाळावी, सल्फामुळे टी-४ हे थायरॉइडचे संप्रेरक तात्पुरते कमी होऊ शकते.) अर्थात लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून केलेल्या तपासणीत) जंतू इतर औषधांना दाद देत नाहीत असे आढळले, तर पशुवैद्य देखरेखीखाली हेच औषध निवडू शकतात. घरातल्या माणसांसाठी आणलेल्या सल्फाच्या गोळ्या परस्पर देणे मात्र कोणत्याही जातीच्या कुत्र्याच्या बाबतीत चूकच आहे.