फाटकाशी उभं राहण्याआधी

प्रिय मुली,

६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, वसईत मूक जागर ठेवायचा म्हणतेस, आणि डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या अण्वस्त्रविरोधी सिस्टर, म्हणजे कॅथलिक धर्मभगिनी, आहेत. दिवस योग्य निवडलास. त्याच तारखेला ख्रिस्तसभा प्रभूच्या रूपांतराचा, म्हणजे डोंगरावर येशूचं रूप तेजस्वी झालं त्या प्रसंगाचा, सण पाळते. पण त्या सिस्टरांकडून नेमकं काय घ्यायचं, ते आधी ठरव. बातमीत त्या शिरल्या त्या अण्वस्त्रतळाचं कापलेलं कुंपण दिसतं. त्यांचं बळ मात्र कुंपण कापून झाल्यावर त्या काय करत होत्या, त्यात आहे.

६ ऑक्टोबर २००२ ला आर्डेथ प्लॅट, कॅरल गिल्बर्ट आणि जॅकी हडसन या डॉमिनिकन संघाच्या तीन सिस्टर कोलोरॅडोतल्या मिनिटमन-३ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या भूमिगत तळावर गेल्या. अंगात पांढरे पोशाख, त्यांवर ‘नागरिकांचं शस्त्रतपासणी पथक’ अशी ओळख. इराकमध्ये शस्त्रनिरीक्षक पाठवण्याची चर्चा तेव्हा जोरात होती. तपासणी आपल्या घरापासून व्हावी, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. साध्या हातोड्यांनी तळाच्या झाकणावर ठोके दिले, स्वतःच्या रक्ताने क्रूस काढले, आणि मग प्रार्थना करत, गात तिथेच थांबल्या, सैनिक येईपर्यंत. प्लॅट यांना ४१, गिल्बर्ट यांना ३३ आणि हडसन यांना ३० महिन्यांची शिक्षा झाली.

हातोडा बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातून आला. तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याचं जे वचन तू लहानपणापासून ऐकत आलीस, त्यावरूनच अशा कृती करणाऱ्या या चळवळीला ‘प्लाउशेअर्स’, म्हणजे नांगराचे फाळ, हे नाव पडलं.

२८ जुलै २०१२ ला ८२ वर्षांच्या सिस्टर मेगन राइस दोन सोबत्यांसह टेनेसीतल्या ओक रिज इथल्या वाय-१२ या अण्वस्त्र केंद्रात शिरल्या. तिथे अणुबॉम्बला लागणारं अतिसमृद्ध युरेनियम साठवतात. भिंतीवर संदेश रंगवले, रक्त शिंपडलं, भिंतीच्या कोपऱ्याचा काँक्रीटचा टवका काढला. पहारेकरी आला तेव्हा त्याच्यापुढे पाव धरला. या एका कृतीवर थांबून विचार कर. समोरचा माणूस सशस्त्र, एकटा आणि घाबरलेला असू शकतो. त्याला घाबरवायचं नाही, हे तुमच्या हातांवरून, चालीवरून, आवाजावरून त्याला कळलं पाहिजे. भाकर मोडून देणं ही त्या सिस्टरांच्या रोजच्या मिस्सातली, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली, कृती. म्हणून ती तिथे नाटकी वाटली नाही.

सिस्टर मेगन यांना ३५ महिन्यांची शिक्षा झाली. मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने घातपाताचा गुन्हा रद्द केला. कुंपण कापणं म्हणजे देशाच्या संरक्षणात अडथळा आणण्याचा हेतू नव्हे, असं न्यायालयाने धरलं. मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा कायम राहिला. तोवर सिस्टर दोन वर्षं तुरुंगात होत्या.

यातलं कुंपण तुझ्यासाठी नाही, हे स्पष्ट लिहिते. आपल्याकडे प्रतिबंधित जागेत शिरणं हा शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गंभीर गुन्हा ठरू शकतो, आणि त्याची झळ तुझ्यासोबत आलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना बसेल. शिवाय तुझ्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर हे वीजकेंद्र आहे, शस्त्रागार नव्हे. फलकावर ही गल्लत केलीस तर पहिल्याच प्रश्नाला अडकशील.

तुला जवळचा धडा अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात आहे. तिथल्या चाचणीस्थळावर १९५१ ते १९९२ या काळात ९२८ अणुचाचण्या झाल्या. फ्रान्सिस्कन सिस्टर रोझमेरी लिंच आणि त्यांचे सोबती १९८२ च्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस त्या स्थळाच्या रस्त्यावर प्रार्थनेला उभे राहिले. संत फ्रान्सिसच्या जन्माचं ते ८०० वं वर्ष. चाळीस दिवस म्हणजे त्याच कामगारांच्या गाड्या सकाळ-संध्याकाळ, रोज. तिसऱ्या दिवशी चेहरे ओळखीचे होतात, दहाव्या दिवशी एखादा हात उचलतो. एका दिवसाच्या जागराला हे मिळत नाही. म्हणून ६ ला उभी राहिलीस तर ९ लाही, नागासाकीसाठी, त्याच जागी उभी राहा. तिथला बॉम्ब उराकामी या कॅथलिक वस्तीवर फुटला. सुमारे १२,००० भाविकांपैकी सुमारे ८,५०० गेले. आपल्या लोकांना हे सांगितलंच पाहिजे.

आता तयारी. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज किमान दोन आठवडे आधी दे. त्यात जागा, सुरुवातीची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा फोन असू दे. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय निघू नकोस. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी लागते; मूक जागराला तो नकोच.

दर वीस माणसांमागे दोन स्वयंसेवक ठेव. पोलिसांशी एकाच व्यक्तीने बोलायचं, पत्रकारांशी दुसऱ्या एकाच. इथे गडबड होते ती अशी: कुणीतरी उत्साहात मधेच बोलतो, आकडा चुकीचा सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच छापून येतो. हिरोशिमात १९४५ अखेर सुमारे १,४०,००० माणसं मेली. ‘सुमारे’ हा शब्द गाळू नकोस, आणि ‘लाखो’ म्हणून फुगवूही नकोस.

आदल्या आठवड्यात एक सराव घे. दोन रांगा समोरासमोर, मध्ये दोन हातांचं अंतर. एका रांगेने तीन मिनिटं ओरडायचं: ‘देशद्रोही’, ‘सीमेवर जा’, जे ऐकावं लागेल ते सगळं. दुसऱ्या रांगेने हात उघडे ठेवून, नजर न चुकवता, गप्प उभं राहायचं. मग बाजू बदला. बहुतेक जण दोन ठिकाणी चुकतात: ओठांवर उपहासाचं हसू येतं, किंवा हात खिशात जातो. हसण्याने समोरचा चिडतो, खिशातल्या हाताने पोलीस सावध होतो. ओरडणाऱ्या रांगेलाही बसवून विचार, काय वाटलं ते. गप्प माणसावर ओरडणं किती जड जातं, हे त्यांना तिथेच कळतं.

जागर संपल्यावरचं काम जास्त महत्त्वाचं. तुरुंगातून सुटल्यावर प्लॅट आणि गिल्बर्ट यांनी अण्वस्त्रबंदी कराराची प्रत हातात घेऊन दारं ठोठावली. ७ जुलै २०१७ ला संयुक्त राष्ट्रांत १२२ देशांनी त्याच्या बाजूने मत दिलं. व्हॅटिकन सर्वांत आधी मंजुरी देणाऱ्यांत होतं. भारत त्या वाटाघाटींत नव्हता आणि त्याने सहीही केलेली नाही. सिस्टर आर्डेथ प्लॅट ३० सप्टेंबर २०२० ला गेल्या. करार लागू व्हायला लागणारी पन्नासावी मंजुरी, होंडुरासची, २४ ऑक्टोबरला आली, आणि २२ जानेवारी २०२१ ला करार लागू झाला.

त्या कराराचं एक पानी मराठी टिपण कर आणि १० ऑगस्टला खासदारांच्या कार्यालयात स्वतः नेऊन दे. एकच मागणी लिही: भारताने करार-सदस्यांच्या बैठकीला निरीक्षक पाठवावा. सही न करताही हे करता येतं, त्यामुळे थेट नकार देणं त्यांना सोपं जात नाही. पोच घे. महिन्याने पुन्हा जा.

आणि ऑगस्ट आहे, पाऊस असणार. मेणबत्त्या काचेच्या कंदिलात ठेव, फलक कापडावर तैलरंगात लिही, अक्षरं वीतभर उंच, शब्द सहाच्या आत.

तुझी,
मावशी