इंडक्शन शेगडी सकाळी चालते, संध्याकाळी एरर दाखवून बंद पडते. बोर्ड बदलावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की घर नंदगडजवळच्या खेड्यात आहे, शेगडी २००० वॅटची. सकाळचा चहा-दूध बिनतक्रार होतं, पण संध्याकाळी सातनंतर भात ठेवला की दोन-चार मिनिटांत शिट्टी मारून ई-३ दाखवते आणि बंद पडते. दुकानदार म्हणतो बोर्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, गेला. तर आत्ता तरी बोर्ड बदलू नका. जळालेला बोर्ड दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप बरा होत नाही.

मी बेळगावात शहापूरला ही दुरुस्तीची कामं करतो. ‘सकाळी चालते, संध्याकाळी नाही’ असं कुणी म्हणालं की मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी घरातल्या लाईनबद्दल विचारतो.

ई-३ वरून लगेच काही ठरवू नका. एका कंपनीच्या शेगडीत तो आकडा कमी व्होल्टेजचा असतो, दुसरीत जादा व्होल्टेजचा, तिसरीत तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा. इंटरनेटवर भलत्याच मॉडेलची यादी वाचून सेन्सर बदलून आलेले लोक मी पाहिलेत. तुमच्याच मॉडेलची पुस्तिका किंवा शेगडीच्या पोटाखालचा स्टिकर बघा. आणि तो आकडा शेगडीला काय खटकलं एवढंच सांगतो. कुठला पार्ट गेला ते नाही.

भांड्याचं एकदा तपासून टाका. सकाळचं स्टीलचं टोप आणि संध्याकाळचं पातेलं, दोन्हींच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर ते भांडं इंडक्शनचं नाही, मग ते हिंडालियम असो की पितळ. पण भांड्याचीच अडचण असती तर शेगडीनं सुरुवातीलाच नकार दिला असता, चार मिनिटं चालली नसती. त्यामुळे माझा संशय तिकडे कमी आहे.

आता दोन परीक्षा करा, त्यांना व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटरसुद्धा लागत नाही. संध्याकाळी त्याच वेळी तेच पातेलं ठेवा, पण ८०० वॅटवर. वीस मिनिटं गुमान चालली तर शेगडी बहुधा ठीक आहे, पूर्ण ताकदीला लागणारा करंट तिला मिळत नसावा. मग एखाद्या सकाळी उलटं करा: मोठं पातेलं भरून २००० वर वीस मिनिटं. सकाळीही बंद पडली तर दोष शेगडीत शोधायचा, बहुतेक पंख्यात. सकाळी चालली तर व्होल्टेज.

हिशेब सोपा आहे. २००० वॅटला २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर लागतात. व्होल्टेज उतरलं तरी तेवढीच उष्णता द्यायला शेगडी जास्त करंट ओढू बघते, आणि त्याचा सगळा ताण आतल्या आयजीबीटीवर येतो. आयजीबीटी म्हणजे कॉइलमधला, म्हणजे काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातला, करंट सेकंदाला वीस-तीस हजार वेळा चालू-बंद करणारा जाड काळा ट्रान्झिस्टर. तो जळू नये म्हणून व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की शेगडी स्वतःच काम थांबवते. तुमची शेगडी संध्याकाळी शहाण्यासारखी वागते आहे, आणि त्यासाठी तिचा बोर्ड बदलायला सांगितला जातोय!

आपल्याकडे हे नवीन नाही. जिथं शेतीची आणि घरांची लाईन अजून एकच आहे तिथं पंपांना थ्री-फेज मिळायची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ एक झाली की व्होल्टेज उतरतं. चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यात हेच, वडगाव-खासबागेतल्या यंत्रमागाच्या गल्ल्यांतही हेच. बल्ब पिवळा पडला, पंखा मंदावला की समजायचं.

पण सगळा दोष बाहेरच्या लाईनवर ढकलू नका. गावातल्या वायरमनला मल्टीमीटर घेऊन संध्याकाळी बोलवा. शेगडीच्या सॉकेटवर आधी शेगडी बंद असताना आणि मग चालू असताना व्होल्टेज मोजायला सांगा. बंद असतानाच १७०-१८० असेल तर लाईन कमी आहे, वीज कंपनीकडे तक्रार करा. बंद असताना २२० आणि चालू केल्यावर एकदम १८० झालं, तर तेच माप घराच्या वीज-मीटरजवळ घ्या. तिथं फारसं उतरत नसेल तर चोर घरातच आहे: बारीक वायर, सैल न्यूट्रल, किंवा बारक्या पिनचा एक्स्टेन्शन बॉक्स. इंडक्शनला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट, मीटरपासून वेगळी जाड वायर आणि खरी अर्थिंग हवी. शेगडी बंद करून, सॉकेटमधून काढल्या काढल्या प्लगला हात लावा. चटका बसण्याइतका गरम असेल तर तो सॉकेट आजच बदला, कारण तिथूनच आग लागते.

स्टॅबिलायझर घेऊ का, असं तुम्ही पुढं विचारालच. इतक्या वॅटला पेलणारा स्टॅबिलायझर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. संध्याकाळी १००० वर शिजवा, भात दहा मिनिटं उशिरा होईल. भाकरी तशीही गॅसवर किंवा चुलीवरच चांगली फुगते.

सकाळच्या परीक्षेतही बंद पडली तर पंखा बघा. शेगडी चालू केल्यावर मागच्या जाळीशी हात धरा, वारा लागला पाहिजे. नसेल तर आत तेलकट धूळ आणि झुरळं बसली असतील किंवा पंखा गेला असेल. नवा घेताना जुन्यावर १२ व्होल्ट लिहिलंय की १८ ते बघूनच घ्या. बोर्डाच्या मानानं खर्च किरकोळ. त्यानंतरचा संशयित कॉइलच्या मधोमध काचेला टेकलेला सेन्सर, पांढरी पेस्ट लावलेला, दोन बारीक वायरींचा. बहुतेक शेगड्यांत २५ अंशांना त्याचा रोध (रेझिस्टन्स) १०० किलो-ओहम असतो. पावसाळ्यात खानापूर-बेळगावची हवा साधारण तेवढीच असते, म्हणून आमचं बरं चालतं. मल्टीमीटरवर आकडा १०० च्या आसपास येऊन सेन्सर चिमटीत धरल्यावर उतरू लागला तर सेन्सर चांगला. कधी कधी नुसता कनेक्टर दमटपणानं हिरवा पडलेला असतो. जुलैमध्ये जांबोटी-कणकुंबीकडून आलेल्या शेगड्यांत बटणं आपोआप दाबली जातात, तेही बहुतेक ओलाव्यानंच. नीट वाळवली की चालतात.

उघडायचं असेल तर जाणत्यानंच उघडावं. प्लग काढून काही मिनिटं थांबायचं, कारण आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी असू शकतं. हीटसिंकला, म्हणजे आयजीबीटी थंड ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याला, हात लावायचा नाही. काच तडकलेली असेल तर शेगडी वापरायचीच नाही, उतू गेलेलं दूध थेट कॉइलवर जातं.

बोर्ड खरंच गेला की तो सहसा असा लपंडाव खेळत नाही. फट् आवाज, एमसीबी पडलेला, आतला फ्यूज काळा. वळवाच्या विजांनंतर किंवा ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तुटून व्होल्टेज वर चढल्यावर असं होतं, म्हणून ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद न करता प्लगच ओढून ठेवा. अशा वेळी आयजीबीटी आणि ब्रिज (एसीचं डीसी करणारा पार्ट) शॉर्ट झालेले असतात. नुसता फ्यूज घातला तर पुन्हा उडतो, आणि फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्याकडे परत जाऊ नका. चांगला मेकॅनिक पार्ट बदलल्यावर आधी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे करंट बल्बातूनच शेगडीत जाईल असा, लावून शेगडी चालू करतो. बल्ब भगभगीत पेटला तर शॉर्ट अजून आहे. तो पिवळा बल्ब आता मिळणंच मुश्किल झालंय, माझ्याकडचे मी जपून ठेवलेत.

दुकानात परत गेलात तर एवढंच विचारा: कुठला पार्ट गेलाय आणि तुमच्याकडे पूर्ण वॅटवर किती वेळ चालवून बघितली? दुकानात अर्धा तास चालली असेल तर तिला घरी घेऊन या आणि वायरमनला फोन करा.