एक्सप्रेस-रिअ‍ॅक्टमध्ये ४०४ कसा द्यावा: ‘सापडलं नाही’ आणि ‘शोधता आलं नाही’ यांतला फरक

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक्सप्रेसमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या फ्रेमवर्कमध्ये, एरर हँडलर (चुका हाताळणारा कोड) लिहिलाय, पण चुकीच्या पत्त्यावर तो चालतच नाही. रिअ‍ॅक्टच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये पान उभं करणाऱ्या कोडच्या, बाजूला चुकीचा पत्ता टाकला की कोरं पांढरं पान येतं. आणि यावर तोडगा म्हणून तुम्ही प्रत्येक अनोळखी पत्ता मुख्य पानाकडे वळवलात, तर आता गूगलचं सर्च कन्सोल ‘सॉफ्ट ४०४’ची भलीमोठी यादी दाखवतंय. मी तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते नीट समजलं की उरलेले दोन निम्मे सुटतात.

४०४ हा सर्व्हरनं उत्तरासोबत पाठवलेला आकडा, म्हणजे स्टेटस कोड. तो बिघाड नाही, ते उत्तर आहे. सर्व्हरला विचारलं ‘हे तुझ्याकडे आहे का’, त्यानं शोधलं आणि ‘नाही’ म्हणाला. त्याचं काम चोख झालं. (हा आकडा सर्न या प्रयोगशाळेतल्या, जिथे वेब जन्मलं, ४०४ क्रमांकाच्या खोलीवरून आला अशी गोष्ट ऐकली असेल तर सोडून द्या. वेबच्या सुरुवातीपासून तिथे असलेल्या रॉबर्ट कायो यांनीच ती खोडून काढली आहे.) या उत्तराचे दोन श्रोते असतात. माणूस पान वाचतो. यंत्र स्टेटस कोड वाचतं. यंत्र म्हणजे फक्त गूगल नव्हे. सीडीएन (पानांच्या प्रती साठवून जवळून पुरवणारे सर्व्हर), मॉनिटरिंग, तुमचाच मोबाइल ॲप, तुटलेल्या लिंका शोधणारी साधनं, ही सगळी पानावरचा मजकूर न बघता आकडा बघून निर्णय घेतात. पानावर ‘क्षमस्व, सापडलं नाही’ आणि हेडरमध्ये (पानासोबत जाणाऱ्या माहितीत) २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, असं झालं की माणसाला एक सांगितलं आणि यंत्राला दुसरंच. सॉफ्ट ४०४ म्हणतात ते हेच. मुख्य पानाकडे सरसकट वळवलेले पत्तेही गूगल बहुतेक वेळा त्याच खात्यात टाकतं.

आणि माणसाच्या बाजूनं बघितलं तरी ते वाईटच आहे. कुणी एखाद्या लेखाची लिंक उघडली आणि काही न सांगता मुख्य पान समोर आलं, तर त्याला वाटतं आपण काहीतरी चुकीचं दाबलं. तो पुन्हा लिंक दाबतो. पुन्हा तेच. घराचा पत्ता विचारणाऱ्याला ‘इथे असं कुणी राहत नाही’ म्हणायचं सोडून हाताला धरून वेशीवर नेऊन सोडण्यातला हा प्रकार. तेव्हा ते वळवणं आजच काढून टाका.

आता एक्सप्रेस. तुमचा हँडलर चालत नाही कारण एक्सप्रेसच्या लेखी ४०४ हा एरर नाहीच. विनंती एकेका मिडलवेअरकडून (वाटेत बसवलेल्या फंक्शनकडून) पुढे सरकते, कुणीच उत्तर दिलं नाही की एक्सप्रेस स्वतःचा एका ओळीचा ४०४ पाठवतो. एरर कुणी फेकलेलाच नसतो, मग चार पॅरामीटरवाल्या एरर हँडलरकडे जाणार काय? उपाय सोपा आहे: सगळ्या राउटच्या (पत्ता आणि त्याचा कोड यांच्या जोड्यांच्या) खाली, पण एरर हँडलरच्या वर, पाथ न देता एक साधा मिडलवेअर लावा, त्यात स्टेटस ४०४ करा आणि पान पाठवा. क्रम महत्त्वाचा. हा मिडलवेअर वर गेला तर सगळी साइटच ४०४ होते, आणि हे मी एका शुक्रवारी संध्याकाळी करून पाहिलेलं आहे. जुन्या उत्तरांत या जागी पाथ म्हणून नुसता तारा (*) दिलेला दिसेल. एक्सप्रेस ५ मध्ये ताऱ्याला नाव द्यावं लागतं, नाहीतर ॲप सुरू होतानाच कोसळतो. पाथच न देणं सगळ्यात निर्धोक.

पण हे फक्त न जुळलेल्या राउटचं झालं. खरी गडबड जुळलेल्या राउटमध्ये असते. ‘/लेख/९९९९९’ हा पत्ता पॅटर्नमध्ये बसतो, राउट चालतो, डेटाबेस शून्य ओळी देतो, आणि टेम्प्लेट रिकाम्या शीर्षकासह २०० म्हणून आनंदात रवाना होतं. हे फ्रेमवर्कला कळणं शक्य नाही, तुम्हालाच सांगावं लागतं. जँगोमध्ये यासाठी तयार शॉर्टकट आहे, लाराव्हेलमध्ये ‘फाइंड-ऑर-फेल’ आहे, रेल्समध्ये नोंद न सापडल्याचा एक्सेप्शन प्रॉडक्शनमध्ये आपोआप ४०४ होतो. एक्सप्रेसमध्ये असं काही नाही, म्हणून स्वतःचा एक छोटा ‘सापडलं नाही’ नावाचा एरर क्लास बनवा, ओळ मिळाली नाही की तो फेका, आणि एरर हँडलरमध्ये फक्त त्याच क्लासचं ४०४ करा. एसिंक (उत्तर नंतर येणारा) राउट असेल तर लक्षात ठेवा: एक्सप्रेस ५ नाकारलेलं, म्हणजे चुकीत संपलेलं, प्रॉमिस स्वतःहून एरर हँडलरकडे देतो, ४ देत नाही. तिथे ‘नेक्स्ट’ या फंक्शनला तो एरर हातानं द्यावा लागतो.

‘फक्त त्याच क्लासचं’ यावर मी एवढा भर का देतोय, ते सांगतो. आमच्या एका प्रकल्पात कुणीतरी (कुणीतरी म्हणजे मीच) डेटाबेसमधून नोंद आणणारा कोड ट्राय-कॅचमध्ये गुंडाळला होता आणि कॅचमध्ये काहीही आलं तरी ४०४ पाठवला होता. दिसायला सुटसुटीत. मग एका रात्री डेटाबेसची कनेक्शन संपली. त्या क्षणापासून साइटचं प्रत्येक पान शांतपणे सांगू लागलं की मी अस्तित्वातच नाही. मॉनिटरिंग फक्त ५०० च्या घरातले, म्हणजे सर्व्हरच्या बिघाडाचे, कोड मोजत होतं, त्यामुळे कुणाचाही फोन वाजला नाही. सीडीएननं ते ४०४ साठवून ठेवले, म्हणून डेटाबेस पूर्ववत झाल्यावरही काही वेळ पानं गायबच राहिली. ४०४ हा कोड मुळातच कॅशमध्ये ठेवता येण्याजोगा मानलेला आहे, हे मला त्या रात्री कळलं. पुढच्या काही दिवसांत शोधाच्या निकालांतून आमची बरीच पानं गळाली, कारण शोधयंत्राच्या बॉटला आम्हीच सांगितलं होतं की ती नाहीत.

‘शोधलं आणि नाही’ म्हणजे ४०४. ‘शोधताच आलं नाही’ म्हणजे ५०० (सर्व्हरचा बिघाड) किंवा ५०३ (सेवा सध्या बंद). डेटाबेस बंद असेल तर ५०३ द्या, सोबत किती वेळानं परत यायचं ते सांगणारा ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर द्या. बॉट थांबतो, नंतर परत येतो. ज्याची खात्री नाही त्याला ४०४ म्हणू नका. आणि तुमच्या ४०४ वर कॅशची मुदत स्वतःच्या हातानं लावा, एखाद-दुसरा मिनिट पुरे. नाहीतर नवीन लेख प्रकाशित होण्याआधी कुणी त्या पत्त्यावर डोकावलं, की प्रकाशित झाल्यावरही लोकांना ‘नाही’च दिसत राहतं.

आता रिअ‍ॅक्ट. पांढरं पान येतं कारण राउटरला कुठलाच राउट जुळत नाही. शेवटी तारांकित राउट लावा, त्यात ४०४ चा कंपोनंट दाखवा. माणसाचं काम भागलं. यंत्राचं नाही. तुमच्या इंजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ‘फाइल नसेल तर इंडेक्स एचटीएमएल दे’ अशी ट्राय-फाइल्सची ओळ आहे, म्हणजे जगातला कुठलाही पत्ता २०० देणार. ॲप लॉगिनच्या मागे असेल तर मी म्हणेन यात फार जीव अडकवू नका, तिथे गूगल येत नाही. सार्वजनिक पानं असतील तर मात्र सर्व्हरला उत्तर माहीत असायला हवं: एक तर सर्व्हरवर रेंडर करा, नाहीतर इंडेक्स एचटीएमएल पाठवण्याआधी सर्व्हरनं निदान राउटचे पॅटर्न आणि नोंदीचा आयडी तपासून योग्य स्टेटस लावावा. मजकूर तोच इंडेक्स एचटीएमएल राहू द्या, फक्त आकडा ४०४ करा. ब्राउझर ४०४ सोबत आलेलं पानही नेहमीसारखंच चालवतो. यातलं काहीच जमत नसेल तर ४०४ च्या कंपोनंटमधून ‘नोइंडेक्स’चा (‘हे पान शोधात घेऊ नका’ सांगणारा) मेटा टॅग घाला. हा मार्ग गूगलच्याच मार्गदर्शिकेत दिलेला आहे, पण ती मलमपट्टी आहे.

नेक्स्ट जेएसकडे जाणार असाल तर एक खाच: तिथे पान तुकड्यातुकड्यानं पाठवायला सुरुवात झाली की हेडर आधीच गेलेला असतो, त्यामुळे नंतर ‘नॉट फाउंड’ बोलावलं तरी स्टेटस २०० च राहतो. नोंद आहे का नाही, हे पहिला तुकडा सुटायच्या आधी ठरवा.

त्या ट्राय-फाइल्सच्या ओळीचा आणखी एक प्रताप आहे, आणि बहुतेक जण तो भलतीकडे शोधत बसतात. नवीन बिल्ड चढवला की जावास्क्रिप्टच्या तुकड्यांची हॅशवाली नावं बदलतात. ज्याच्या टॅबमध्ये कालचं पान उघडं आहे तो जुना तुकडा मागतो. तो सर्व्हरवर नसतो, म्हणून इंजिनएक्स त्याऐवजी इंडेक्स एचटीएमएल देतं, तेही २०० सोबत. ब्राउझर त्याला जावास्क्रिप्ट समजायला जातो आणि पहिल्याच कोनी कंसाला ठेचकाळतो. कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ किंवा चुकीच्या माइम टाइपची (फाइलच्या प्रकाराची) तक्रार. खरा ४०४ आला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. तेव्हा असेट्सच्या (जावास्क्रिप्ट, सीएसएस वगैरे फाइलींच्या) आणि एपीआयच्या (दुसऱ्या प्रोग्रामना डेटा देणाऱ्या पत्त्यांच्या) फोल्डरला ही ओळ लागू करू नका, तिथे नाही म्हणजे नाही. जुन्या बिल्डच्या फाइली काही दिवस सर्व्हरवर राहू द्या. इंडेक्स एचटीएमएल दरवेळी सर्व्हरकडून तपासून घ्यायला लावा. आणि तुकडा लोड झाला नाही तर पान एकदाच रीलोड करा. ‘एकदाच’ची खूण सेशन स्टोरेजमध्ये ठेवा, नाहीतर बिचारं पान गरगर फिरत बसेल.

एपीआयबद्दल थोडक्यात. तिथे अनोळखी पत्त्याला जेसनमध्येच ४०४ द्या, सुंदर एचटीएमएल पान नको. साचा हवा असेल तर २०२३ चा आरएफसी ९४५७ (एपीआयच्या चुका कळवण्याचं मानक) त्याचसाठी आहे. शोधाचा निकाल रिकामा असेल तर तो ४०४ नाही: यादी आहे, तिच्यात काही नाही, इतकंच, २०० आणि रिकामी यादी. यावर वाद घालणारे भेटतील, घालू द्या. दुसऱ्याची खासगी नोंद कुणी मागितली तर ४०३ ऐवजी ४०४ देणं मला योग्य वाटतं, कारण ४०३ म्हणजे ‘आहे, पण तुला नाही’ अशी कबुली. एचटीटीपीचं मानक याला स्पष्ट मुभा देतं आणि गिटहब खासगी रिपॉझिटरीबाबत हेच करतं. पत्ता खरोखर बदलला असेल तर त्या एका पत्त्यापुरता ३०१ (कायमचं वळवणं), थेट नव्या ठिकाणी. कायमचं काढलं असेल तर ४१० देता येतो, पण गूगल ४०४ आणि ४१० दोन्हींना जवळपास सारखंच वागवतं, म्हणून त्यासाठी वेगळा टेबल बनवत बसू नका.

पानाबद्दल दोन-तीन गोष्टी, ज्या चुकतातच. सीएसएसचे पत्ते मुळापासून द्या, सापेक्ष नकोत. चुकीचा पत्ता चार पातळ्या खोल असेल तर तुमचं ४०४ चं पान उघडंबोडकं दिसतं. मागितलेला पत्ता पानावर छापायचा असेल तर एस्केप करून (खास चिन्हं निरुपद्रवी करून), नाहीतर ४०४ च्या पानावरूनच कुणीतरी स्क्रिप्ट घुसवेल. हे पान डेटाबेसला हात न लावता बनलं पाहिजे, कारण बॉट ते दिवसभर मागत असतात. शोधाची चौकट आणि दोन-चार कामाच्या लिंका पुरेत. हरवलेल्या अंतराळवीराचं चित्र हवं तर टाका, माझा विरोध नाही, पण लिंका त्याच्या वर.

आणि इंजिनएक्सच्या ‘एरर पेज’ ओळीत ४०४ नंतर ‘=२००’ असं लिहिलेलं असेल तर ते पुसा. कुठल्याशा ब्लॉगमधून ते सगळीकडे पसरलंय आणि वर केलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी ओततं.

लॉगमध्ये ४०४ एरर पातळीवर नोंदवू नका. तुमच्याकडे वर्डप्रेस नसला तरी त्याचं लॉगिन पान आणि डॉट-ईएनव्ही (पासवर्ड वगैरे ठेवलेली) फाइल मागणारे बॉट रोज येणार, आणि त्या गोंगाटात खरा एरर बुडणार. फक्त रेफरर, म्हणजे वाचक कुठल्या पानावरून आला ते, बघा. रेफरर तुमच्याच डोमेनचा असेल तर ती तुमची तुटकी लिंक, ती लगेच दुरुस्त करा. बाहेरच्या एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा येत असेल तर तिथे ३०१ लावण्यासारखं काही आहे का बघा. बाकी सोडून द्या.

हे सगळं केल्यावर ब्राउझरवर विश्वास न ठेवता कर्ल या कमांडनं फक्त हेडर मागवून चार पत्ते तपासा: पूर्ण बनावट पत्ता, बरोबर पॅटर्न पण नसलेला आयडी, असेट्समधली नसलेली जावास्क्रिप्ट फाइल, आणि एपीआयचा बनावट पत्ता. मग डेटाबेस बंद करून एक अस्तित्वात असलेलं पान मागा. तिथे ४०४ आला तर कुठेतरी माझ्यासारखाच कॅच लपलाय. तुमच्या वर्णनावरून चारांपैकी दुसरा पत्ता अजून २०० देत असणार. तो राउट इथे टाका, बघून सांगतो.