शाळेची लॅब बंदच असते. नववीतल्या मुलीला विज्ञान आणि पर्यावरण प्रयोगातून कसं शिकवावं? (इंदूर)

तुम्ही लिहिलंय की लॅबचं कुलूप तपासणीच्या दिवशीच निघतं, पर्यावरण म्हणजे थर्माकोलचं मॉडेल, तेव्हा दोन हजारांचं सायन्स किट घ्यावं का? नका घेऊ. आधी तिला एक बादली पाणी तिसऱ्या मजल्यावर नेऊ द्या.

थट्टा नाही करत. मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. आता रविवारी सकाळी इथे रामबागेत आठ-दहा पोरं जमवते, आणि सुरुवात याच बादलीने होते. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून निघतं, सुमारे 70 किलोमीटर. नर्मदा तिथे समुद्रसपाटीपासून साधारण 150 मीटरवर वाहते, इंदूर 550 मीटरवर. म्हणजे घोटभर पाणीसुद्धा निदान 400 मीटर वर चढवून आणलेलं.

हे नुसतं सांगितलं की पोरं माना डोलावतात. म्हणून जिना. एका पायरीची उंची मोजायची, पायऱ्या मोजायच्या. आमच्याकडे 17 सेंटिमीटरच्या 54 पायऱ्या, म्हणजे 9 मीटरला थोडं वर. 10 लिटर, म्हणजे 10 किलो पाणी तेवढं चढवलं की कार्य (वर उचलायला लागलेली ऊर्जा: किलो × 9.8 × मीटर) झालं साधारण 900 ज्यूल. एक मुलगी धापा टाकत वर आली आणि आकडा बघून चिडलीच. "एवढंच? आणि माझे 42 किलो कोण धरणार?" ते धरले तर उत्तर जातं 4,700 च्या आसपास. कुठलं बरोबर, यावर अर्धा तास भांडण. पोहे गार झाले, पण मी मध्ये पडले नाही. शेवटी मागे बसणारा एक मुलगा म्हणाला, पंप आपल्या जागी बसून असतो, आपण स्वतःलाही वर नेतो. कार्यक्षमता, म्हणजे लावलेल्या ऊर्जेतली कामी किती आली, हा शब्द मी त्यानंतर काढला, आधी नाही.

मग 20 लिटरची बादली, 400 मीटर: 78,400 ज्यूल. 9 वॅटचा एलईडी बल्ब जवळपास अडीच तास चालेल. पंपातली, पाइपातली घट यात धरलेलीच नाही. खरी वीज याहून जास्त लागते. त्या संध्याकाळी पोरांनी आपणहून घरच्या गळक्या नळाखाली पेला लावला, घड्याळ लावलं. एकाच्या घरी आरओ एक लिटर पाणी देताना तीन लिटर सोडत होता. आता त्याची आई त्या सोडलेल्या पाण्यानेच फरशी पुसते. "पाणी वाचवा" हे मी एकदाही म्हटलेलं नाही.

ही रीत माझी नाही, आपल्याच प्रदेशातली आहे. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची मुलं टोळ्यांत बसून स्वस्त सामानाने प्रयोग करत, वहीत लिहीत, वाद घालत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा आणि प्रात्यक्षिकही. पुढे 1982 पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला. 2002 मध्ये सरकारने बंद केला. मला अजून त्याचा राग आहे, असो.

ओल्या कचऱ्याचं खतही करा, मडक्यात. पण पहिल्यांदा वास सुटू द्या. लगेच कोरडी पानं घालून वाचवायला जाऊ नका; का सुटला ते तिला शोधू दे. आपल्या देवगुराडियाचा, ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्रकल्प बघायची परवानगी मिळाली तर तो त्यानंतरच दाखवा. तिथे दिवसाला 550 टन ओला कचरा जिरवायची क्षमता आहे. पण मडक्यात हात घातलेल्या मुलीचे प्रश्न वेगळे असतात.

एक वही ठेवा, आकडा चुकला तर खोडायचा नाही, बाजूला नवा लिहायचा. टेप नसेल तर शिंप्याची पट्टी चालते. बादली मात्र शक्यतो पत्र्याची घ्या. तिचं स्वतःचं वजन पहिल्या वेळी सगळेच विसरतात, आमच्या त्या 900 ज्यूलमध्येही ते नाहीच. बघा मुलीच्या लक्षात कधी येतं.